तबला, गिटार, घटम, अकॉर्डियन : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या बँडबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. आम्ही चौघं आहोत, मी तबल्यावर, गिटारवाला वसईचा, व्हायोलिन वाजवणारी चेन्नईची आणि ड्रमर शिलाँगचा, बस एवढंच लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं पूर्ण पान त्यांनाच दिलंय. सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत, त्याबद्दल माफ करा.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, आठ वर्षं तबला शिकतोय. आता कॉलेजच्या मित्रांबरोबर बँड काढलाय, त्यात गिटार, कीबोर्ड आणि एकजण जेंबे हा आफ्रिकन ढोल वाजवतो. गुरुजी म्हणतात ही भेसळ आहे, हात बिघडेल. मी कुणाचं ऐकू? – एक वडील, नाशिक

उत्तर : गुरुजींची काळजी खोटी नाहीये हे आधी सांगते. हात बिघडतो, मी डोळ्यांनी बघितलंय. मोठ्या आवाजात आपलं ऐकू यावं म्हणून पोरं बोटं आपटायला लागतात, मग किनारीवरचा ‘ना’ हा बोल पहिल्यासारखा वाजत नाही, ‘धिरधिर’ दाबून मारला जातो आणि दोन वर्षांनी पेशकार, म्हणजे सुरुवातीची संथ रचना, वाजवायला बसलं की कळतं, हातातलं काहीतरी गेलंय. त्यामुळे बँड असो नसो, रोजचा रियाज वेगळा, माइकशिवाय, गुरुजींनी दिलेलाच, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

पण भेसळ हा शब्द मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगायचं तर ‘शक्ती’ या बँडची गोष्ट सांगावीच लागेल. जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा माणूस, १९४२ चा जन्म, माइल्स डेव्हिस या अमेरिकन जॅझवाल्याबरोबर वाजवून झालेलं, ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ नावाचा त्याचा इलेक्ट्रिक बँड जगभर गाजत होता, म्हणजे नाव, पैसा, सगळं होतं आणि हा माणूस अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्यापुढे वीणा शिकायला बसला. वीणावादक व्हायचं म्हणून नाही, गमक, म्हणजे सूर हेलकावत घेणं, हातात यावं म्हणून. त्याच काळात तो, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर आपले माहीमचे झाकीर हुसेन, घटमवर, म्हणजे मातीच्या मडक्यावर, मद्रासचे विक्कू विनायकराम आणि सुरुवातीला मृदंगमवर रामनाड राघवन असे एकत्र आले. ५ जुलै १९७५ ला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर साउथॅम्प्टन कॉलेजमधे त्यांचा कार्यक्रम झाला, तोच त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर आहे. तीनच रचना, त्यातली एक जवळजवळ अर्ध्या तासाची. इलेक्ट्रिक गिटार नाही, ड्रम्स नाहीत, सगळे मांडी घालून बसलेले.

आता लोक काय बघतात, तर एक गोरा आणि बाकी भारतीय, म्हणजे पूर्व-पश्चिम भेट. मी तबलावाली आहे म्हणून असेल पण मला त्यातली मोठी भेट वेगळीच दिसते, ती आहे माहीम आणि मद्रासची. तबला आणि घटम एका रंगमंचावर बसणं त्या काळी आपल्याकडेच दुर्मिळ होतं. आपण ठेका धरतो, म्हणजे धा धिं धिं धा हा सतत चालू असतो आणि ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की आपण तालात कुठे आहोत. तिकडे ठेका नावाची गोष्टच नाही, ताल हातावर मोजायचा आणि मृदंगम-घटमवाला गाण्याच्या चालीला धरून वाजवतो. आपला ‘कायदा’ ही बोलांची रचना पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार, घेत घेत फुलत जाते, त्यांची कोरवै ही शेवटाकडची रचना हिशोबाने बांधलेली असते. म्हणजे एकाच देशातल्या दोन पोरांना एकमेकांचं वाजवणं समजायचं तर दोघांनाही पुन्हा विद्यार्थी व्हायला लागलं. झाकीरभाई कर्नाटक तालाची बोलायची भाषा शिकले, तकधिमी तकजणु त्यांच्या तोंडात असं बसलं की पुढे चेन्नईत ते मृदंगमवाल्यांच्या घोळक्यात घरच्यासारखे असायचे. आणि तबला तसूभरही हलका झाला नाही हो. पंजाब घराण्याचाच राहिला. अब्बाजी म्हणजे झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखा, त्यांनी स्वतः १९६८ मधे बडी रिच या अमेरिकन ड्रमरबरोबर रेकॉर्ड केली होती, म्हणजे दार घरातूनच उघडं होतं.

म्हणून तुमच्या मुलाला मी एकच विचारेन, तो जेंबेवाला मित्र जे वाजवतो त्यातलं तुला काय येतं? पश्चिम आफ्रिकेतला जेंबे त्याच्या डुनडुन ढोलांबरोबर कसा गुंफलेला असतो हे त्या दोघांनी कधी शोधलंय का? की तो तिकडे धपाधप वाजवतोय आणि हा इकडे तिरकिट भरतोय? दुसरं असेल तर गुरुजींचं बरोबर आहे. पहिलं असेल तर बँडने वाजवलेलं काहीतरी घेऊन त्याला गुरुजींकडेच पाठवा, समोर बसून वाजवू दे. ऐकल्यावर गुरुजी चार गोष्टी सुधारून देतील, माझ्या गुरुजींनी दिल्या होत्या.

प्रश्न : ताई, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बँडमधे तबला वाजवते पण ड्रम्स सुरू झाले की माझं काहीच ऐकू येत नाही, व्हिडिओ बघितला तर नुसते हात हलताना दिसतात. साउंडवाला म्हणतो तबल्याचा आवाज वाढवला की शिट्टी येते. सोडून देऊ का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही गं, सोडू नकोस. मी पण यातून गेलेय. एका मोठ्या कार्यक्रमात साउंडवाल्याने शिट्टी थांबवायला तबल्याच्या माइकवर गेट टाकला होता, म्हणजे आवाज ठराविक पातळीखाली गेला की मशीन तो कापूनच टाकतं, त्यात माझ्या डग्ग्याचा घुमारा प्रत्येक वेळी मधेच तुटत होता आणि पूर्ण दीड तास मी तसंच वाजवलं, घरी येऊन रडले होते.

तर काय करायचं. सगळ्यात आधी ड्रमर आणि तुझ्यात कमीत कमी आठ-दहा फूट अंतर ठेव, तुझे माइक त्याच्याकडे पाठ करून लाव आणि स्टेजवरचा तुझा मॉनिटर, म्हणजे तुला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, तबल्याच्या माइकच्या मागच्या बाजूला येऊ दे, शिट्टी बहुतेक वेळा मॉनिटरमुळेच येते. दोन माइक हवेतच, चाटेसाठी, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्यासाठी, एक आणि डग्ग्यासाठी एक. गेट नको असं आधीच, हात जोडून, पण ठामपणे सांग. हे झालं यंत्राचं.

खरं काम मात्र तालमीत आहे. डग्गा, बेस गिटार आणि ड्रमचा पायाने वाजवायचा मोठा ढोल हे तिघं एकाच खर्जाच्या जागेत बसलेत, तिघांनी एकदम वाजवलं तर कुणीच ऐकू येणार नाही, मग माइक कितीही महागाचा आणा. आम्ही शिलाँगच्या आमच्या ड्रमरबरोबर दोन महिने फक्त यावर बसलो होतो. मी डग्ग्यावर मींड घेते, म्हणजे सूर सरकवते, तेव्हा तो पाय उचलून ठेवतो, तो झांजांवर जातो तेव्हा मी चाटेवरची किनार सोडून लवेवर, म्हणजे किनार आणि शाईच्या मधल्या जागेवर, येते, आणि हळू रचनेत तो काठ्या ठेवून ब्रश घेतो. हे त्याला सांगितलं तेव्हा तो चिडेल असं वाटलं होतं, तो म्हणाला, मग तू मला तिहाई शिकव. झाला सौदा.

तिहाईचं, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचं पण लिहून टाकते, कारण दोन-तीन पत्रांत तेच आहे की आमचा ड्रमर तिहाईनंतर समेवर येत नाही. त्यांच्या चार मात्रांचे चार बार म्हणजे आपल्या १६ मात्रा, तीनताल. समेपासून सुरू करून पुढच्या समेवर संपायचं तर समेसकट १७ मात्रा भरायच्या. पाच मात्रांचा तुकडा तीनदा म्हणजे १५, मधे एकेक मात्रेच्या दोन विश्रांती, झाले १७. त्याला कागदावर हे दाखव आणि आधी तोंडाने म्हणायला लाव, हाताने टाळी देत. ड्रमर मंडळींना मोजायला छान येतं, फक्त ते तुकडा बारमधे मोजतात आणि आपण समेकडे बघून मोजतो, तेवढी दिशा बदलली की काम होतं.

प्रश्न : वर्ल्ड म्युझिक म्हणजे नक्की काय? सगळं संगीत जगातलंच आहे ना? – बरेच जण

उत्तर : अगदी बरोबर शंका आहे. हे दुकानातल्या फळीचं नाव आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या एका पबमधे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली, त्यांची अडचण अशी की माली, बल्गेरिया, पाकिस्तान इथल्या रेकॉर्ड दुकानदार कुठे ठेवणार, मग सगळ्यांनी मिळून एक नाव ठरवलं आणि त्याची पाटी फळीवर लावायला दिली. त्याने या कलाकारांची विक्री वाढली, हा फायदा झालाच. तोटा असा की इंग्रजी सोडून जगातलं सगळं एका खोक्यात गेलं, अभंग पण त्यातच आणि ऊद हे अरबी तंतुवाद्य पण त्यातच. ग्रॅमीने १९९२ मधे या नावाचा पहिला पुरस्कार दिला तो मिकी हार्ट या अमेरिकन ड्रमरच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला, त्यात झाकीरभाई आणि विक्कूजी दोघंही होते, सोबत नायजेरिया, ब्राझील, पोर्तो रिकोचे वादक. २०२० मधे त्यांनीच नाव बदलून ग्लोबल म्युझिक केलं. मला दोन्ही नावं आवडत नाहीत, मी विचारणाऱ्याला सरळ वाद्यांची नावं सांगते.

प्रश्न : ताई, मी फ्रँकफर्टला नोकरीला आहे, पुण्यात सात वर्षं तबला शिकलो. इथे एका बल्गेरियन अकॉर्डियन वाजवणाऱ्याबरोबर आम्ही दर शनिवारी बसतो. तो म्हणतो सात मात्रा, मी रूपक लावतो, कधी कधी मस्त जमतं आणि कधी दोघंही हरवतो. का ते कळत नाहीये. – एक वाचक, जर्मनी

उत्तर : किती छान प्रश्न आहे हा! मला वाटतं उत्तर असं आहे. बल्गेरिया आणि मॅसेडोनियाकडे सात मात्रांचे नाच निदान दोन प्रकारचे आहेत. लेस्नोतो म्हणतात तो तीन-दोन-दोन असा जातो, म्हणजे थेट आपला रूपक, तीं तीं ना, धीं ना, धीं ना. हा वाजत असेल तेव्हा तुमचं जमत असणार. दुसरा राचेनित्सा, तो दोन-दोन-तीन असा, आणि बहुतेक वेळा फार जलद. तिथे त्याचा लांब पाय शेवटी पडतो, तुमचा लांब भाग सुरुवातीला, म्हणजे दोघांच्या समा वेगळ्या जागी आहेत आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

यावर उपाय सोपा आहे, राचेनित्साला रूपक चौथ्या मात्रेपासून सुरू करा. धीं ना, धीं ना, तीं तीं ना. तोच ठेका, फक्त दार बदललं. गंमत अशी की रूपकची सम ‘खाली’ची, म्हणजे बिनभाराची असते, डग्गा बंद, आणि इथे सुरुवात धीं ने होते म्हणून नाचाला जो भार लागतो तोही मिळतो. अजून एक सांगते, त्याला सात मोजायला लावू नका. तो सात मोजतच नाही, तो तीनच पावलं ऐकतो, दोन आखूड आणि एक लांब, लहानपणापासून लग्नात नाचलेला असतो तो. तुम्हीच एकदा तबला बाजूला ठेवून त्याच्याकडून तो नाच शिका, हातात हात धरून गोलात, वीस मिनिटं. मग बसा वाजवायला. आणि त्याला बदल्यात झपताल द्या, दोन-तीन-दोन-तीन, त्याला तो परका वाटणार नाही.

आमच्या व्हायोलिनवालीला रूपक शिकवायला लागला नाही कारण त्यांच्याकडे मिश्र चापू आहे, तीन आणि चारचा. तिने पहिल्याच दिवशी माझ्या खालीच्या समेवर भलीमोठी ठोस सम दिली आणि आम्ही दोघी थांबून एकमेकींकडे बघत बसलो. आता आम्ही काही रचनांत तिची सम घेतो आणि काहींत माझी.

प्रश्न : आमच्याकडे कीबोर्ड, सारंगी आणि गायिका आहे. ट्यूनरवर सगळं बरोबर दिसतं तरी यमन सुरू झाला की कानाला खुपतं. कोण बेसूर आहे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कुणीच नाही. कीबोर्डचे बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले असतात म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता यावं, आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा खाली आहे. किती खाली, तर दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले तर साधारण १४ भाग. पंचमात फरक फक्त दोन भागांचा, तो कळतही नाही. तुमची गायिका आणि सारंगी तानपुऱ्याचा गंधार लावणार, लावायलाच हवा, आणि कीबोर्डवाला त्याच वेळी तीन सुरांची कॉर्ड दाबून ठेवणार, त्यात त्याचा गंधार. यमनमधे गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, तो सारखा येणार. खुपणारच ना.

याच कारणासाठी हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं बंदी घातली होती, म्हणजे भांडण जुनं आहे. तुमच्यासाठी दोन मार्ग. एक, कीबोर्डवाल्याने यमनमधे फक्त षड्ज-पंचम धरावेत, गंधार गाणाऱ्यांवर सोडावा. दोन, बऱ्याच कीबोर्डमधे प्रत्येक सूर वेगळा थोडा वर-खाली करायची सोय असते, त्याचं मॅन्युअल काढा आणि गंधार, धैवत, निषाद तानपुऱ्याशी लावून घ्या, मात्र मग त्या रचनेत पट्टी बदलता येणार नाही. आणि ट्यूनर बंद करून ठेवा, समोर तानपुरा सुरू करा.

पट्टीचा अजून एक मुद्दा. गायिका काळी एकमधे गाते आणि गिटारवाला तोंड वाकडं करतो, कारण त्याच्या मोकळ्या तारा तिथे बसत नाहीत. त्याला म्हणावं कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, चौथ्या पडद्यावर लाव आणि ए चा आकार धर, काळी एक मिळते. उलट त्याला मोकळ्या ई मधेच वाजवायचं असेल तर आपण पांढरी तीनची, लहान तोंडाची चाट वेगळी ठेवायची, काळी एकची चाट ठोकून ठोकून तिथे चढवायची नाही, पुडी फाटते. घटमवाल्याला तर हेही करता येत नाही, मडकं भाजून निघालं की त्याचा सूर ठरला, म्हणून ते पट्टीप्रमाणे वेगवेगळे घटम बाळगतात आणि विमानात जीव मुठीत धरून बसतात.

प्रश्न : आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या तंतुवाद्यं करतं. हल्ली परदेशी गिटारवाले येऊन विचारतात की गिटारला तरफा, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, लावून द्या. वडील नाही म्हणतात. – एक कारागीर, मिरज

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझ्या आजीचा तानपुरा मिरजेचाच आहे, भोपळा पंढरपूरकडचा, अजून जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून झंकार नीट करून घ्यायला, तिकडेच येतो. २०२४ मधे मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते.

तरफांची गिटार आधी झालेली आहे. मॅक्लॉफ्लिनसाठी गिब्सन कंपनीने एब्राहम वेख्टर या कारागिराकडून एक गिटार करून घेतली होती, मुख्य सहा तारांच्या खालून तिरक्या जाणाऱ्या सात तरफा, आणि गळ्यावरचं लाकूड दोन पडद्यांच्या मधे कोरून खोलगट केलेलं. ते कोरणं जास्त महत्त्वाचं आहे बघा. साध्या गिटारवर बोट लाकडाला टेकतं, तार फारशी ओढली जात नाही. कोरल्यावर बोटाखाली हवा येते, वीणेसारखी मींड निघते. म्हणजे वीणा शिकल्यावर त्याला वाद्य अपुरं वाटायला लागलं आणि त्याने वाद्य बदललं, या क्रमाने झालं ते. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी मोहनवीणा केली तीही गिटारच, मांडीवर आडवी, चिकारी-तरफा धरून वीसेक तारांची. १९९२ मधे ते राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्याबरोबर कॅलिफोर्नियात एका चर्चमधे रेकॉर्डिंगला बसले तेव्हा दोघांची ओळख होऊन तासभरही झाला नव्हता, आणि त्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. मला काही जण हे उदाहरण फेकून मारतात, की बघा, शिकावं-बिकावं लागत नाही. अहो पण दोघंही आयुष्यभर तारेवर दांडी घसरवत आलेले, एक राग वाजवायला, दुसरा ब्लूज वाजवायला. तास लागला तो फक्त नमस्कार करायला.

तेव्हा माझं मत, येणाऱ्या गिटारवाल्याला आधी काहीतरी वाजवून दाखवायला सांगा. मींड घ्यायला धडपडतोय असं दिसलं तर वडिलांना हाक मारा, ते स्वतःच करवत उचलतील. नुसता फोटोसाठी हवी असेल तर वडिलांचं बरोबर आहे.

प्रश्न : आमच्या मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी हे सगळं मुंबईत आधीच केलं होतं, त्यांचं नाव कुणी घेत नाही. – एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, मी पण मागच्या वेळी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, तीच पोरं पुढे मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा त्यांच्या खांद्यावर उभे राहिले. संगीतकार बाजाच्या पेटीवर चाल सांगणार, शेजारी सतारवाला आणि तबलावाला कानाने उचलणार, आणि गोव्याचे अरेंजर ती चाल कागदावर उतरवून तीस-चाळीस व्हायोलिनांसमोर ठेवणार. एका खोलीत कागद वाचणारे आणि कानावर वाजवणारे, रोज. गोन्साल्विस सरांना तेवढ्यावर समाधान नव्हतं, त्यांना राग आणि सिंफनी एका रचनेत हवे होते, त्यांनी १९५८ मधे त्यासाठी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात लताबाई आणि मन्ना डे गायले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. सॅक्सोफोनवर राग वाजवणारे ब्राझ गोन्साल्विसही गोव्याचेच, १९७८ ला मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला त्याच्या कितीतरी आधीपासून ते हे करत होते. आमच्या वसईच्या गिटारवाल्याचे आजोबा अशाच एका ऑर्केस्ट्रात होते, त्यांच्या पेटीत अजून हाताने लिहिलेले कागद आहेत, कडा खाल्लेले, आणि त्यावर एका कोपऱ्यात पेन्सिलने रोमन अक्षरांत लिहिलंय, इथे तबल्याकडे बघ.

प्रश्न : पाचजण मिळून चाल करतो, नाव कुणाचं लावायचं? – एक वाचक, संभाजीनगर

उत्तर : ज्या दिवशी चाल झाली त्याच दिवशी, सगळे खूश असताना, कागदावर लिहा. मुखडा कुणी आणला, बोल कुणाचे, ताल कुणी बदलला, वाटा किती, खाली सगळ्यांच्या सह्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात संगीतकार आणि गीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झालाय, पण तुमचं नावच कागदावर नसेल तर तो कुणाला मिळणार. लोकगीत घेतलं असेल तर नुसतं पारंपरिक असं लिहून मोकळं होऊ नका, ते ज्या माणसाकडून ऐकलं त्याचं नाव, गाव लिहा आणि त्यालाही वाटा द्या. आमच्या बँडमधे यावरून एकदा सहा महिने बोलणं बंद होतं, म्हणून इतकं जीव तोडून सांगतेय.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, आयुष्यभर नाट्यसंगीत आणि भीमसेनजी ऐकले. झाकीरभाई गेले त्या दिवशी नातीने शक्तीचं काहीतरी लावलं आणि मी दोन तास उठलो नाही. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून १५ डिसेंबर २०२४ ची बातमी परत आठवली, मला त्या आठवड्यात तबल्याला हात लावता आला नव्हता.

तुम्ही नाट्यसंगीतातले आहात म्हणून मी उलटीकडून सुरुवात करायला सांगेन. २०२३ मधे आलेली ‘धिस मोमेंट’ आधी लावा, तिलाच फेब्रुवारी २०२४ मधे ग्रॅमी मिळालं. त्यात शंकर महादेवन गातात, ते चेंबूरचे आणि आपल्या श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले, तुमच्या कानाला तो आवाज लगेच आपला वाटेल. घटम-कंजिऱ्यावर सेल्वागणेश आहेत, विक्कूजींचा मुलगा, म्हणजे १९७५ मधे झाकीरभाईंच्या शेजारी बाप बसला होता आणि इथे मुलगा, आणि व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. मग मागे या, १९९७ नंतरचं ‘रिमेंबर शक्ती’, त्यात आधी हरिजींची, म्हणजे हरिप्रसाद चौरसियांची, बासरी आणि पुढे यू. श्रीनिवास यांचं मॅंडोलिन. श्रीनिवास २०१४ मधे गेले, फक्त ४५ वर्षांचे होते. त्यांची नि मॅक्लॉफ्लिनची सवाल-जवाबाची जागा आली की तुम्हाला भीमसेनजींच्या मागे धावणारी पेटी आठवेल, फक्त इथे दोघंही आळीपाळीने पुढे धावतात.

आणि सगळ्यात शेवटी १९७५ ची ती अर्ध्या तासाची रचना. मधे एक जागा येते जिथे बाकी सगळे थांबतात आणि तबला आणि घटम दोघंच उरतात. नातीला म्हणावं हेडफोन दे, फोनच्या स्पीकरवर घटमचा खर्ज येत नाही.